जोडाला कोरडी राख

वेल्डिंगच्या दुकानात रॉडचे जळके तुकडे रोज झाडून काढा, दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात पुन्हा ओंजळभर असतातच. किश्श्यांचंही तसंच आहे. कुणी मुद्दाम गोळा करत नाही. माणसं येतात, काहीतरी मोडकं ठेवतात, काहीतरी बोलतात आणि जातात. ते बोलणं मागे पडून राहतं. मी वरच्या घरात पोळ्या लाटताना एकटीच हसते, मग सासूबाई विचारतात, "काय व्हयनं वं?" काय सांगणार!

आमचं दुकान गुजरातेत, डिंडोलीत. खाली दुकान, वर आम्ही. आम्ही म्हणजे आमचे हे, मी, सासूबाई आणि सव्वा वर्षाची परी. ह्यांचं मूळ काम गेट आणि ग्रीलचं. सुऱ्यांचं काम मागच्या दाराने आलं, तेही माझ्यामुळे. गॅसच्या सिलिंडरचं झाकण सुरीने उचकटायला गेले आणि सुरी मुठीतून मोडली! ह्यांनी ती जोडून दिली, मी ती गल्लीत चार जणींना दाखवली, झालं. दुसऱ्या दिवसापासून रांग.

सुरीचं पातं जिथं संपतं तिथून एक अरुंद शेपूट निघतं, ते लाकडी मुठीत जातं. भांडी घासताना मुठीत पाणी शिरतं आणि शेपूट आतल्या आत गंजतं. वरून सुरी चकाचक! आणि एक दिवस मूठ हातात राहते, पातं कोबीत.

हे मूठ फोडून काढतात, गंज घासतात, उरलेल्या शेपटाला पट्टीचा नवा तुकडा वेल्डिंगने जोडतात. जोडताना पात्याला ओलं फडकं गुंडाळतात, नाहीतर धार मऊ पडते. जोडून झालं की लगेच राखेच्या डब्यात. "पात्याला ओलं फडकं, जोडाला कोरडी राख," हे त्यांचं रोजचं वाक्य. राख कशासाठी ते मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, गरम लोखंडाचा कुणाला चटका बसू नये म्हणून असेल.

विचारायला हवं होतं.

*

गल्लीच्या टोकाला एक मावशी डबे करून देतात. यवतमाळकडच्या. एकदा सकाळी घाईघाईने आल्या आणि पदरातून एक लाकडी मूठ काढून ह्यांच्यासमोर ठेवली.

"हे घ्या, मोडली. दुपारपावतर जोडून द्या."

ह्यांनी मूठ उलटीपालटी करून पाहिली. "मावशी, पातं कुठंय?"

"घरी."

"घरी कशाला ठेवलं?"

"अवो, बिघाड मुठीतच हाय नं! पातं तं ठणठणीत हाय. त्याले कायले दवाखान्यात आनू?"

ह्यांनी मूठ परत त्यांच्या हातात दिली. "मावशी, नवरी एकटीच आणलीत. नवरदेवाला पण घेऊन या, मग लग्न लावतो!"

*

आमच्या शेजारच्या ज्योत्स्नाबेन गुजराती. त्या सुरी कधीच कुणाच्या हातात देत नाहीत. जमिनीवर ठेवतात आणि समोरच्याने ती उचलायची. हातात दिली की भांडण होतं म्हणे. आमच्या खानदेशातही हेच मानतात, आणि मावशींच्या गावाकडेही हेच. म्हणजे दुकानात येणारी प्रत्येक बाई सुरी पायाशी ठेवते आणि हे वाकून उचलतात. परत देताना हे वाकून ठेवतात.

एका संध्याकाळी कंबर धरून वर आले. "वेल्डिंग दोन मिनिटांचं, आणि नमस्कार दिवसभर!"

सासूबाई म्हणाल्या, "मंग एक स्टूल ठेव नं."

पटलं. दुसऱ्या दिवशी स्टूल आणलं, पुसलं, दुकानाच्या तोंडाशी ठेवलं. ज्योत्स्नाबेन आल्या. स्टूल पाहून खूश झाल्या. "बहु सरस कर्युं, संजयभाई!" असं म्हणून त्या स्टुलावर बसल्या आणि सुरी जमिनीवर ठेवली!

*

आता परीचं सांगते. माझा जीव दिवसभर तिच्यामागे. खाली ग्राइंडरचा आवाज सुरू झाला की मी खिडकी लावते, मग धूर आतच राहील म्हणून उघडते, मग ठिणगी येईल म्हणून पुन्हा लावते. सासूबाई म्हणतात, "तू बसस कव्हय वं?" मला बसता येत नाही. ती झोपली की जास्तच नाही. श्वास चालू आहे ना, ते बघायला तीनदा उठते.

वेल्डिंग करताना हे तोंडावर काळा मुखवटा घालतात. परी जन्मल्यापासून खिडकीतून तेच बघत आलेली. तर झालं असं, की त्या दिवशी मुखवटा खिळ्याला टांगलेला होता आणि हे आंघोळ करून, भांग पाडून, तिला घ्यायला आले. तिने भोकाड पसरलं! मान वळवली, खिळ्यावरच्या मुखवट्याकडे दोन्ही हात केले आणि ओरडली, "पप्पाऽऽ!"

सासूबाई हसून हसून खाली बसल्या. हे मुखवट्याकडे बघून म्हणाले, "भाऊ, आजपासून हप्तेपण तूच भर."

*

पण गेल्या आठवड्यात जे झालं, त्यात सुरुवातीला हसण्यासारखं काही नव्हतं.

त्या दिवशी जोडायला तीन नग होते. ज्योत्स्नाबेनची भाजीची सुरी, डबेवाल्या मावशींची मोठी सुरी (या वेळी पात्यासकट आली होती) आणि एक कोयता. कोयता रामसेवकभैयाचा. तो कडोदऱ्याकडे हायवेवर नारळपाणी विकतो. एका हातावर नारळ, दुसऱ्या हातात कोयता, तीन घावांत नारळ उघडा. कोयता मुठीत डुगडुगायला लागला म्हणून आला होता आणि सारखा म्हणत होता, "भैया, जल्दी करना. गर्मी का धंधा है."

ह्यांनी तिन्ही एका दमात जोडले. शेवटचा कोयता टेबलावर सुऱ्यांशेजारी ठेवला आणि राखेचा डबा ओढणार, तोच फोन वाजला. गेटवाल्या गिऱ्हाइकाचा. शेजारच्या दुकानात ग्राइंडर चालू होता, ऐकू येईना, म्हणून हे बोलत बोलत रस्त्यावर गेले. जाताना मला म्हणाले, "बघ जरा, आलोच."

मी परीला कडेवरून खाली ठेवलं होतं. एक क्षण. एकच क्षण हो! ती नुकतीच चालायला लागलेली. टेबलापाशी पोचली, टाचा उंचावल्या. कोयत्याचा जोड अजून लाल होता. "लाऽल!" म्हणाली आणि हात वर केला.

मी कशी पोचले मला आठवत नाही. एका हाताने तिला ओढलं, दुसऱ्या हातात सांडशी आली. समोर पाण्याची बादली होती. कोयता बादलीत, सुरी बादलीत, दुसरी सुरी बादलीत! छन्न, छन्न, छन्न! परीने टाळ्या वाजवल्या. मनात म्हटलं, बरं झालं, गार झाले. आमच्या गावचा लोहार विळा असाच पाण्यात बुडवायचा, मी लहानपणी उभं राहून बघितलेलं. लोखंड म्हटलं की पाणी आलंच, एवढंच माझं ज्ञान.

मग तिन्ही पुसले आणि राखेच्या डब्यात ठेवले. जागा तीच ना त्यांची.

हे फोन संपवून आले, डब्यात बघितलं आणि म्हणाले, "अरे वा! शिकलीस की!"

मी लाजले! खरंच सांगते, दिवसभर खुशीत होते.

एरवी हे जोडलेलं शेपूट शिकंज्यात आवळून पात्याला जोराचा झटका देतात. टिकलं तरच मूठ बसवायची. त्या दिवशी रामसेवकभैया पुन्हा येऊन डोक्यावर उभा आणि गेट बसवायला जायची घाई. झटका राहिला. मुठी बसल्या, तिन्ही नग ज्याच्या त्याच्या घरी गेले.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी ज्योत्स्नाबेन आल्या. एका हातात मूठ, दुसऱ्या हातात पातं. हसत होत्या.

"संजयभाई, जुओ! सुरण जीती गयुं!"

सुरणाला दाबून धार लावली आणि कट्. जोडापाशीच. पाटावर कापत होत्या म्हणून पातं तिथंच पडलं, बोटाला काही झालं नाही.

हे हसले नाहीत. मोडलेलं टोक उजेडात धरलं. मीही वाकून बघितलं. आत मिठाच्या खड्यांसारखा चकचकीत दाणा.

"पाण्यात गेल्यासारखं दिसतंय," हे म्हणाले.

ज्योत्स्नाबेननी विचारलं, "पाणीथी शुं थाय?"

"गरम जोड एकदम पाण्यात घातला तर काच होते त्याची. दिसायला पक्का, पण झटका लागला की खलास. म्हणून तर राखेत हळूहळू गार करतो."

माझ्या कानात ते छन्न, छन्न, छन्न पुन्हा वाजलं. सासूबाई दारात उभ्या होत्या, ज्योत्स्नाबेन समोर, परी माझा पदर ओढत होती. मला बोलायचं होतं. पण मी परीच्या मुठीतून पदर सोडवत बसले.

ह्यांनी बादलीकडे बघितलं. मग परीकडे. मग म्हणाले, "नाही, नाही. रॉडच ओला असणार. माझी चूक, ज्योत्स्नाबेन. संध्याकाळपर्यंत पुन्हा जोडून देतो." शर्ट चढवला, "कडोदऱ्याचं गेट बघून येतो" म्हणाले आणि बाइकला किक मारली.

मी जिन्यात उभी. डोळ्यांसमोर भाजीची सुरी नव्हती. डोळ्यांसमोर तळहातावर धरलेला नारळ, वरून येणारा कोयता आणि समोर ग्लास घ्यायला उभी असलेली माणसं. आणि माणसांबरोबर लेकरं असतातच ना!

*

आधी मावशींकडे पळाले, त्या जवळ होत्या. परी कडेवर, पिशवीत माझी घरची सुरी.

मावशी कोबीचे ढीग घालून बसलेल्या. हातात तीच सुरी. प्रत्येक घावाला मी परीला आणखी मागे घेत होते.

"मावशी, ती सुरी द्या जरा. दुकानातर्फे फ्री सर्व्हिसिंग आहे."

"सुरीची सर्व्हिसिंग?" मावशींनी चष्म्यावरून बघितलं. "माह्या मिक्सरची कोनी करून देत नाही, अन् तू सुरीची करतेस? आता नाही भेटत. बारा वाजता डबे जातात."

"मी कापून देते कोबी! माझ्या सुरीने!"

त्या नको म्हणायच्या आत मी बसले. त्यांच्या हातातली सुरी काढून बाजूला ठेवली आणि कापायलाच लागले. परी कोबीचं पान चावत बसली. मी मानही वर केली नाही. कोबी संपला, गाजर संपलं.

शेवटी मावशी म्हणाल्या, "हात चांगला हाय वं तुहा. असं कर, उद्यापासून सात वाजता येत जाय!"

मी हो म्हणाले की नाही, आठवत नाही. त्यांची सुरी उचलली आणि मागच्या ओट्यावर गेले. परीला लांब बसवलं. मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. कदाचित नुसतीच भीती असेल, कदाचित ज्योत्स्नाबेनची एकच खराब निघाली असेल. मुठीला धरून सुरी आडवी दगडावर आपटली. फार जोरात नाही.

टक्. पातं उडून केळीच्या बुंध्याशी पडलं.

मागे वळले तर मावशी दारात. एकदा पात्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"याले सर्व्हिसिंग म्हनतात काय वं?"

माझी सुरी त्यांना ठेवून दिली आणि निघाले. आता शंका राहिली नव्हती. तिसराही असाच मोडणार.

*

रामसेवकभैयाचा नंबर ह्यांच्या मोबाइलमध्ये. ह्यांना फोन लावला, उचलला नाही. बाइकवर असतील. आणि उचलला असता तर काय सांगणार होते? मी शटल रिक्षात बसले. दोन बायकांच्या मध्ये, परी मांडीवर. रिक्षावाला प्रत्येक नाक्यावर थांबून "कडोदरा, कडोदरा" ओरडायचा आणि मी मनात म्हणायचे, भरली रे बाबा, चल ना!

हायवेला उतरले. कुठं शोधायचं? एवढंच माहीत की तो हायवेवर उभा असतो. नारळाची पहिली गाडी दिसली. माणूस नवा. तरी म्हटलं, रामसेवकभैयाची गाडी आज हाच चालवत असेल.

"भैया, कोयता दाखवा जरा."

"क्यों?"

"बघायचाय. किधर से जोडके लाए?"

त्याने माझ्याकडे बघितलं, इकडेतिकडे बघितलं, पटापट ग्लास गोळा केले आणि गाडी ढकलायला लागला! "जा रहा हूँ मॅडम, जा रहा हूँ! लिखना मत!"

"अहो, मी ऑफिसची नाहीये!" मी ओरडत होते. कडेवर लेकरू घेऊन, घामाने भिजून, कुठली मॅडम तपासणीला येते? पण तो थांबेच ना. मी त्याच्या मागे, तो माझ्या पुढे. बाजूच्या पंक्चरवाल्याने विचारलं, "बेन, शुं चोरी गयो?"

दुसऱ्या गाडीवर म्हातारे बाबा होते. त्यांनी काही न विचारता कोयता दाखवला, आणि म्हणाले, रामसेवक पुढे, पुलाच्या अलीकडे, निळी छत्री.

पुलापर्यंत चालले की पळाले, कोण जाणे. परी खांद्यावर डोकं टाकून झोपून गेली होती. निळी छत्री दिसली. छत्रीखाली चार-पाच माणसं. एक बाई, तिच्या बोटाला धरून एक पोरगं, अगदी पुढे, गाडीला चिकटून. आणि रामसेवकभैयाचा हात वर गेलेला.

"रुको!" मी इतक्या जोरात ओरडले की परी दचकून उठली. रस्त्यावरची माणसं थांबली. रामसेवकभैयाचा हात तसाच हवेत.

मी गाडीपाशी पोचले. "कोयता... वो कोयता मत चलाना... जोड कच्चा आहे..."

त्याने हात खाली घेतला आणि कोयता माझ्यासमोर धरला. मूठ वेगळी. वर काळी पट्टी गुंडाळलेली. हा तो नव्हताच.

"आपवाला तो भाईसाब ले गए, भाभी. घंटा भर हो गया. अपना दूसरा दे गए."

"कोण भाईसाब?"

"अरे, आपके भाईसाब! बोले, जोड में मेरी गलती रह गई, जब तक पक्का न हो जाए तब तक ये चलाओ."

मी तिथंच उभी. परी रडत होती, ते पुढचं पोरगं तिच्याकडे टकामका बघत होतं. रामसेवकभैयाने गाडीखालून एक स्टूल ओढलं, फडक्याने पुसलं, छत्रीच्या सावलीत ठेवलं.

"बैठिए."

"नाही, मला जायचंय. घरी कुणाला सांगितलं नाहीये मी."

"बैठना पडेगा, भाभी. भाईसाब बोलके गए हैं." त्याने ढिगातून एक नारळ निवडला, कानाशी धरून हलवला. "बोले, थोडी देर में मेरी घरवाली आएगी, गोद में बच्ची होगी. पहले बिठाना, फिर एक मलाईवाला देना. मैंने पूछा, इतनी भीड में पहचानूँगा कैसे? तो बोले, पैर में देख लेना, घबराके निकलती है तो हमेशा दो अलग-अलग चप्पल होती हैं."

मी पायांकडे बघितलं. एक माझी होती. एक सासूबाईंची.